पाहुण्यांचा प्रवास बेटाच्या धक्क्यापासून उलटा आखा

माझ्या सगळ्यात जवळच्या मैत्रिणीचं लग्न मालदीवमधल्या एका छोट्या बेटावर होतं. मी तिथे पोहोचले ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी. लग्न संध्याकाळी पाच वाजता होतं आणि माझं विमान त्याच दिवशी दुपारी दोनला राजधानी मालेला उतरणार होतं. तीन तास हातात आहेत, पुष्कळ झाले, असा माझा हिशोब. मधल्या विमानतळावरचं कनेक्टिंग विमान साडेतीन तास उशिरा सुटलं. मी उतरले तेव्हा त्या दिवसाचं शेवटचं सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान, कधीच गेलं होतं. विमानतळापासून रस्त्यानं जोडलेल्या हुलहुमालेमध्ये एका हॉटेलच्या खोलीत मी साडी बॅगेतून न काढताच रात्र काढली. लग्न मोबाइलवर आलेल्या सात फोटोंमध्ये पाहिलं. सकाळी बेटावर उतरले तेव्हा दोन मुलं वाळूत रोवलेले मांडवाचे खांब उपटत होती आणि खांबांना कालची फुलं तशीच होती.

मैत्रिणीनं एका शब्दानं मला काही म्हटलं नाही. पण ते खांब माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. म्हणून भाचीचं लग्नही मालदीवमध्येच करायचं ठरलं तेव्हा मी ताईला सांगितलं, बाकीचं सगळं तू बघ, माणसं बेटावर वेळेत पोहोचवायचं काम माझं. सेहेचाळीस पाहुणे होते. सगळ्यांत लहान तीन वर्षांचा, सगळ्यांत मोठी अठ्ठ्याहत्तर वर्षांची माझी आत्या. सेहेचाळीसही जण लग्नाच्या आदल्या रात्री बेटावर जेवले. ते कसं जमवलं, ते आज सविस्तर लिहिते आहे.

आपण बहुतेक जण प्रवास आखताना घरापासून सुरुवात करतो. स्वस्त तिकीट कुठलं, सुट्टी किती, घरातून किती वाजता निघायचं. बेटावरच्या लग्नाला ही पद्धत घात करते. कारण विमान मालेला उतरलं म्हणजे आपण पोहोचलो, असं नसतं. मालदीव म्हणजे जवळजवळ बाराशे प्रवाळ बेटं. २६ अटॉलमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या कंकणांमध्ये, ती उत्तर-दक्षिण आठशेहून जास्त किलोमीटर पसरलेली आहेत. रिसॉर्ट बहुधा एका अख्ख्या बेटावर एकटंच असतं. ते जवळ असेल तर स्पीडबोट, दूर असेल तर सी-प्लेन, आणखी दूर असेल तर आधी देशांतर्गत विमान आणि मग बोट. यातलं सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं. वैमानिक पाणी डोळ्यांनी बघून त्यावर विमान उतरवतो, त्यामुळे अंधारात ते शक्यच नसतं. साधारण दुपारी साडेतीनच्या आत तुमचं मोठं विमान उतरलं नाही, तर त्या दिवशी सी-प्लेन मिळेल यावर भरवसा ठेवू नका.

म्हणून मी कागद घेतला आणि सगळ्यात वर लिहिलं: बेटाचा धक्का. त्याच्या खाली, सी-प्लेन कधी सुटायला हवं. त्याच्या खाली, मालेला किती वाजेपर्यंत उतरायला हवं; त्यात इमिग्रेशनची रांग, सामान, बसनं सी-प्लेनच्या वेगळ्या टर्मिनलला जाणं आणि तिथली वाट पाहणं धरायचं, कारण विमान भरेपर्यंत कधी कधी दोन-तीन तास बसावं लागतं. त्याच्या खाली कनेक्टिंग विमान, आणि त्याला तीन तासांहून कमी वेळ असेल तर ते तिकीट बाद. सगळ्यात शेवटी घर. असा उलटा हिशोब केला की स्वस्त तिकिटांपैकी निम्मी आपोआप गळून पडतात. मग शिल्लक राहिलेल्यांत स्वस्त कुठलं ते बघायचं.

आणि एक नियम मी कुणासाठीही मोडला नाही. लग्नाच्या दिवशी कुणीही प्रवास करायचा नाही. जवळच्या नातेवाइकांनी दोन दिवस आधी यायचं, बाकीच्यांनी किमान एक पूर्ण रात्र आधी. भाचीच्या ऑफिसातल्या दोन मुली म्हणाल्या, मावशी, आम्हाला एवढी रजा नाही. त्यांना मी माझ्या सात फोटोंची गोष्ट सांगितली. त्यांनी परतीच्या बाजूचा एक दिवस कमी केला आणि पुढच्या बाजूला लावला. रजा तेवढीच राहिली.

आता पासपोर्ट. मी प्रत्येकाला फोन करून ‘पासपोर्ट आहे ना?’ असं विचारलं असतं तर सगळे ‘हो’ म्हणाले असते. त्याऐवजी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मागितला. (लग्न झाल्यावर ते सगळे फोटो पुसून टाकले आणि तसं सगळ्यांना कळवलंही. दुसऱ्याची कागदपत्रं आपल्याकडे असणं ही जोखीम आहे.) त्या फोटोंमधून कळलं की एका काकांचा पासपोर्ट प्रवासानंतर चार महिन्यांतच संपतो आहे. सहा महिने मुदत शिल्लक हवी अशी अट अनेक देशांची आणि विमान कंपन्यांची असते. काकांना नूतनीकरणाला पुरेसा वेळ मिळाला तो केवळ आम्ही सहा महिने आधी सुरुवात केली म्हणून. एका वहिनीच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव होतं आणि तिकीट सासरच्या नावानं काढायचं चाललं होतं. तिकिटावरचं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षरन् अक्षर जुळायला हवं. घरात कुणी काहीही म्हणत असो, विमानतळावर पासपोर्टवरचं नावच खरं.

मालदीवला व्हिसा पोहोचल्यावर मिळतो, पण त्याआधी ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर प्रवासी म्हणून माहिती भरावी लागते. ती प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत भरायची असते, जाताना एकदा आणि परतताना पुन्हा. ती भरायला पैसे लागत नाहीत. मात्र त्याच नावाशी मिळतीजुळती, पैसे मागणारी संकेतस्थळं आहेत, आणि घाईत माणूस तिथेच जातो. मी सगळ्यांना खरा दुवा पाठवला आणि ज्यांना मोबाइलवर फॉर्म भरणं जड जातं, अशा नऊ जणांचे फॉर्म स्वतः बसून भरले.

पैशांबद्दल लोक बोलायला संकोचतात. मला वाटतं, यजमानांनी हे पहिल्याच निरोपात स्पष्ट लिहावं: राहण्याचा खर्च कोण करणार, विमानाचं तिकीट कुणाचं आणि मालेपासून बेटापर्यंतचं भाडं कुणाचं. हे तिसरं वाक्य नेहमी राहून जातं. सी-प्लेनचं भाडं चांगलंच भरभक्कम असतं आणि पाहुण्याला ते तिकीट काढून झाल्यावर कळलं तर तो कोंडीत सापडतो. नाही म्हणता येत नाही आणि हो म्हणणं परवडत नाही. आम्ही लिहिलं होतं, ‘तुम्हाला यायला जमलं नाही तरी आपलं नातं आहे तिथेच आहे.’ अकरा जणांनी मोकळेपणानं नाही कळवलं. त्यातल्या एकानं नंतर मला सांगितलं की त्या एका ओळीमुळे त्याच्या छातीवरचं ओझं उतरलं.

तारीख ठरवताना भाची आधी म्हणत होती की ऑगस्टमध्ये खोल्या स्वस्त मिळतात. मिळतात, कारण मे ते नोव्हेंबर तिथे नैर्ऋत्य मोसमी वारे असतात. तिथले लोक त्याला ‘हुलहांगु’ म्हणतात. तेव्हा पाऊस येतो-जातो, पण खरा प्रश्न समुद्राचा असतो. लाटा चढतात आणि स्पीडबोटीत बसलेल्या माणसाला बोट लागते. डिसेंबर ते एप्रिल ‘इरुवई’, म्हणजे ईशान्येचे कोरडे वारे असतात आणि पाणी शांत असतं. आम्ही फेब्रुवारी धरला. विषुववृत्ताजवळ असल्यामुळे मालदीवला चक्रीवादळाचं भय कमी आहे. पृथ्वीच्या फिरण्यानं वाऱ्याला जो पीळ बसतो, तो विषुववृत्तालगत फारच क्षीण असतो. दुसऱ्या बेटांना ही सवलत नाही. मॉरिशसकडे नोव्हेंबर ते एप्रिल हा वादळांचा काळ, कॅरिबियन बेटांकडे १ जून ते ३० नोव्हेंबर. बालीमध्ये तर न्येपीच्या, म्हणजे तिथल्या मौन पाळायच्या नववर्षाच्या दिवशी, बहुधा मार्चमध्ये, विमानतळच चोवीस तास बंद असतो. ज्या बेटावर जायचं तिथलं कॅलेंडर आधी बघा आणि मगच पत्रिका छापा.

सामानाची गोष्ट मात्र जरा तपशिलात सांगते, कारण सगळ्यांत जास्त फोन मला त्यावरच आले. मोठ्या विमानात तीस किलो चालतं म्हणून लोक तीस किलो भरतात. सी-प्लेनमध्ये साधारणपणे वीस किलोची बॅग आणि पाच किलोचं हातातलं सामान एवढीच मुभा असते. जास्तीच्या वजनाचे वेगळे पैसे पडतात, आणि विमान वजनानं भरलं तर काही बॅगा पुढच्या फेरीनं येतात. ही पुढची फेरी संध्याकाळी असू शकते किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. म्हणून मी सगळ्यांना सांगितलं: लग्नात घालायचे कपडे, दागिने, औषधं, चष्मा आणि एक रात्रीचे साधे कपडे, हे सगळं हातातल्या पिशवीत. सूटकेसमध्ये जे असेल ते दोन दिवस मिळालं नाही तरी लग्न अडता कामा नये. ताईनं भाचीच्या लग्नाच्या कपड्यांची एक पिशवी केली आणि ती पिशवी प्रवासभर तिच्या मांडीवर होती. आमच्या तीन बॅगा खरोखरच मागून आल्या. त्यांत फक्त चपला, टॉवेल आणि मुलांची खेळणी होती.

पॉवर बँक चेक-इनच्या सामानात चालत नाही, हातातल्या पिशवीतच ठेवायची. तिची मर्यादा बहुधा १०० वॉट-अवर, म्हणजे साधारण २७,००० एमएएचपर्यंत. तिथल्या भिंतीत बहुतेक ठिकाणी तीन चौकोनी पिनांचं सॉकेट असतं, तेव्हा अडॅप्टर न्या. दारू नेऊ नका, अगदी ड्यूटी-फ्रीमधून घेतलेलीही नाही. मालदीवमध्ये ती आणता येत नाही आणि विमानतळावर काढून घेतात. टाचांच्या चपला वाळूत रुततात, तेव्हा सपाट काहीतरी घ्या. आणि पाण्यात उतरायला रबरी बूट हवेतच, प्रवाळानं पाय कापला तर तो लवकर भरत नाही.

आत्या येणार नाही असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तिचे गुडघे दुखतात, शिवाय लहान विमानाची तिला भीती. मी तिच्याकडे गेले आणि नेमकं काय होणार ते पायरी-पायरीनं सांगितलं. विमानात पंधराएक माणसं बसतात. चढायला चार-पाच अरुंद पायऱ्या असतात आणि वर चढताना डोकं वाकवावं लागतं. आत एसी नाही, शौचालय नाही, इंजिनाचा आवाज खूप मोठा असतो, पण कानात घालायला बोळे देतात. वैमानिक अनवाणी असतात, कारण त्यांचं सगळं काम पाण्यावर असतं. विमान बेटाच्या धक्क्याला लागेलच असं नाही. कधी ते पाण्यात तरंगणाऱ्या फळ्यांच्या चौथऱ्यापाशी थांबतं आणि तिथून ‘धोनी’ म्हणतात त्या होडीत बसायचं असतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘होडीत उतरताना हात कोण देणार?’ मी म्हटलं, मी देणार. रिसॉर्टला महिनाभर आधी मेल करून तिच्यासाठी पुढची जागा, धक्क्यावर व्हीलचेअर आणि पायऱ्या नसलेली, वाळूवरची खोली मागून घेतली. हे सगळं आनंदानं देतात, फक्त आधी मागावं लागतं. पाण्यावरच्या खोल्या फोटोत सुंदर दिसतात, पण लांबलचक फळ्यांच्या पुलावरून दिवसातून सहा वेळा ये-जा म्हाताऱ्या माणसाला झेपत नाही, आणि लहान मुलांच्या दृष्टीनं तर त्या मला धोक्याच्याच वाटतात.

विमान पाण्यावर टेकलं तेव्हा आत्यानं माझं मनगट इतकं घट्ट धरलं होतं की तिच्या बांगडीचा वळ उठला. मग खिडकीबाहेरचं पाणी हळूहळू हिरवं होत गेलं, तळाची वाळू दिसायला लागली आणि तिची पकड सुटली. होडीतल्या माणसानं हात पुढे केला. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं. मी हात दिला, मग ती उतरली.

बेटावर पोहोचल्यावर एक गोष्ट कळते जी कुणी सांगत नाही. काही रिसॉर्ट आपलं घड्याळ मालेपेक्षा तासभर पुढे ठेवतात, म्हणजे पाहुण्यांना संध्याकाळचा उजेड जास्त मिळतो. आमच्या रिसॉर्टमध्ये स्वागतकक्षाच्या भिंतीवर दोन घड्याळं शेजारी शेजारी होती, एकाखाली ‘बेट’ आणि दुसऱ्याखाली ‘माले’. मोबाइल मात्र मालेची वेळ दाखवत होता. लग्नाची वेळ बेटाच्या घड्याळाप्रमाणे, विमानांची मालेच्या. मी ग्रुपवर प्रत्येक वेळेपुढे कोणतं घड्याळ ते लिहायला सुरुवात केली आणि पहिल्या जेवणाच्या वेळी सगळ्यांना हातातली घड्याळं लावायला लावली. (ग्रुप दोन केले होते. एकात गप्पा, फोटो, शुभेच्छा. दुसऱ्यात फक्त मी लिहिणार आणि फक्त वेळा लिहिणार. गप्पांच्या ग्रुपवर टाकलेली वेळ तासाभरात शंभर निरोपांखाली गाडली जाते.) विषुववृत्ताजवळ संधिप्रकाश फार कमी टिकतो. सूर्य बुडाला की वीस-पंचवीस मिनिटांत अंधार. फोटो काढायला सगळे उभे राहीपर्यंत उजेड गेला, असं होऊ नये म्हणून विधी सूर्यास्ताच्या दीड तास आधी ठेवला आणि रिसॉर्टकडून त्या दिवशीची भरतीची वेळही विचारून घेतली. भरतीला किनाऱ्याची वाळू अरुंद होते आणि खुर्च्यांची शेवटची रांग पाण्यात जाते.

तब्येतीचं थोडक्यात. बेटावर डॉक्टर असतो, मोठं रुग्णालय नसतं, म्हणून विमा घेताना दुसरीकडे हलवण्याचा खर्च त्यात आहे का ते वाचा. रोजच्या गोळ्या चार दिवस जास्तीच्या घ्या आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवा. बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या आधी घ्यायची, मळमळ सुरू झाल्यावर नाही, आणि बोटीत मागच्या-मधल्या बाजूला बसून क्षितिजाकडे बघायचं. डेंग्यूचे डास दिवसा चावतात, तेव्हा मलम सकाळीही लावा. सनस्क्रीनमध्ये ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनोक्सेट नाही ना, ते बघून घ्या. ही द्रव्यं प्रवाळाला अपायकारक मानली जातात. पॅसिफिक महासागरातल्या पलाऊ या देशात २०२० पासून अशा सनस्क्रीनवर बंदी आहे आणि हवाईत २०२१ पासून त्यांची विक्री बंद आहे. ज्या प्रवाळावर ते बेट उभं आहे, त्याला आपल्या लग्नापायी इजा होऊ नये असं मला मनापासून वाटतं. किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे खिशात टाकू नका, हे मुलांनाही आधीच सांगा. ते देशाबाहेर नेता येत नाहीत.

तरुण मंडळींना डायव्हिंग करायचंच असतं आणि त्यांचा बेत नेहमी शेवटच्या दिवशीचा असतो. तो मी बदलायला लावला. खोल पाण्यात रक्तात नायट्रोजन विरघळतो. तो बाहेर पडायच्या आत उंचावर गेलं तर त्याचे बुडबुडे होतात आणि माणूस गंभीर आजारी पडू शकतो. एकच साधी डाइव्ह केली असेल तर विमानाआधी किमान बारा तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान अठरा तास जाऊ द्यायचे असतात. सी-प्लेन हेही विमानच. चौघांनी लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी डायव्हिंग उरकलं आणि शेवटचा दिवस वाळूत काढला.

परतीची नेमकी वेळ सी-प्लेनवाले आदल्या संध्याकाळीच कळवतात, आधी कितीही विचारा. त्यामुळे मालेहून घरी जाणारं विमान सकाळी लवकरचं असेल तर आदली रात्र मालेजवळ काढावी लागते. आम्ही सगळ्यांची विमानं दुपारनंतरची घेतली होती. शेवटच्या संध्याकाळी जेवणाच्या आधी वेळांच्या चिठ्ठ्या आल्या. मी एकेकाला वाटत आत्याच्या खोलीवर गेले. तिची बॅग भरून दाराशी उभी होती आणि ती पायऱ्या नसलेल्या त्या ओट्यावर, पाय वाळूत टाकून बसली होती. चिठ्ठीवर पावणेआठ लिहिलं होतं. तिनं चष्मा लावून ती दोनदा वाचली.

‘हे मालेचं की बेटाचं?’ तिनं विचारलं.

‘मालेचं.’

तिनं मनगटावरचं घड्याळ काढलं आणि काटा एक तास मागे केला.